चार ग्रेनचं माप: बेसमेंटमधल्या हिवाळ्याच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२२

बाहेरच्या रेंजचा हंगाम संपला. आता एप्रिलपर्यंत क्लबच्या बंदिस्त रेंजवर पन्नास फुटांवर सराव आणि घरी बेसमेंटमध्ये रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळ्यांत ठिणगीचा प्रायमर, पावडर आणि गोळी पुन्हा भरून काडतुसं करणं. या हिवाळ्यात एकच काम धरलंय: माझ्या पिस्तुलाच्या .४५ एसीपी जातीच्या प्रत्येक काडतुसात पावडर सारखी पडली पाहिजे.

कारण जुलैमधलं आहे. कॅम्प पेरी आमच्या क्लीव्हलँडपासून सव्वा तासावर, एरी सरोवराच्या काठाला. १९०७ मध्ये तिथे पहिल्यांदा नेमबाजीचे राष्ट्रीय सामने झाले. यंदा मी त्या ओळीत पहिल्यांदा उभा राहिलो. पंचवीस यार्डांवर जमलं. पन्नास यार्डांवर गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या. बार सुटताना साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, कुठे होती ते मला आठवतं. गोळी आडवी गेली तर ते माझ्या बोटाचं. पण साइट मधोमध असताना एक गोळी वर आणि पुढची तीन इंच खाली, हे बोटाचं काम वाटत नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. माझी गोळी सेकंदाला साधारण ७४० फूट जाते. पन्नास यार्ड म्हणजे १५० फूट, पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात ती जवळजवळ आठ इंच खाली उतरते. वेग दोन टक्क्यांनी बदलला की हे उतरणं चार टक्क्यांनी बदलतं, म्हणजे तीन दशांश इंच. पाच ग्रेनच्या बारात (ग्रेन हे पावडर तोलायचं वजन) एक दशांश ग्रेन कमीजास्त झाला की साधारण एवढाच फरक पडतो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं आहे. एक दशांश ग्रेन त्यात सहज मावतो, पाच दशांश झाला की मधोमध धरलेली गोळीही कडेला पोचते. माझ्या काडतुसांत नेमका किती फरक आहे हेच मी आजवर मोजलेलं नाही.

दोन गोष्टी आधीच लिहून ठेवतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार लागतो. तेव्हा हे तिकडे घरी करून पाहायचं काम नव्हे. आणि या नोंदींत पावडरचे जे आकडे येतील ते माझ्या गोळीचे, माझ्या मॅन्युअलच्या मर्यादेतले आहेत. ते कोणी उचलू नयेत. ज्याने त्याने आपल्या गोळीसाठी, आपल्या पावडरसाठी छापील मॅन्युअल उघडावं आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी.

६ नोव्हेंबर २०२२

मापाच्या आधी काटा. काट्यावरच भरवसा नसेल तर पुढचं सगळं वाया.

माझा रीलोडिंगचा डिजिटल काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम, पाऊंडात ७००० ग्रेन. ५.० दिसतं तेव्हा खरं वजन ४.९५ ते ५.०५ मधलं काहीही असू शकतं, आणि काट्याची स्वतःची चूक त्यावर. ०.१ चा फरक शोधायला ०.१ चा काटा अपुरा. म्हणून सोनारकामाचा, एक मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतला. सोबत ठरावीक वजनांचा संच, त्यातलं ५ ग्रेनचं वजन माझ्या कामाच्या जवळचं.

बार्शीला आमच्या शेजारी सोनार होते. त्यांच्या तराजूत लाल गुंजा असायच्या. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एक गुंज १.८७५ ग्रेनची. माझा पाच ग्रेनचा बार पावणेतीन गुंजांहून किंचित हलका. हे कळल्यापासून ग्रेन मला परका वाटत नाही.

काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवला. तरी आकडा चढत होता, उतरत होता. शेवटी लक्षात आलं की घर तापवणारी फर्नेस सुरू झाली की वरच्या झरोक्यातून येणारी हवा थेट काट्याच्या ताटलीवर येते. हाताला लागत नाही इतकी मंद, पण मिलिग्रॅमला ती वाराच. झरोका बंद केला, काट्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा केला, जुनी ट्यूबलाइट काढून एलईडी लावला. ५ ग्रेनचं वजन वीस वेळा ठेवलं, वीस वेळा उचललं. आता वाचन एका मिलिग्रॅमच्या आत राहतं. काट्याचं काम झालं.

१२ नोव्हेंबर २०२२

आज पहिली मोजणी. २०२० नंतर दुकानात पावडर मिळेल ती घ्यावी लागते, आणि मला मिळाली होती ती मोठ्या, पातळ चकत्यांची. उन्हाळाभर हीच वापरली. तिचा माझा आकडा ५.० ग्रेन.

प्रेसचं, म्हणजे काडतुसं भरायच्या दांड्याच्या यंत्राचं, मापयंत्र वजन करत नाही, हे नव्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. वर पावडर साठवायचा हॉपर, खाली सरकपट्टी, पट्टीत एक खाच. खाच हॉपरखाली असते तेव्हा भरते, पुढे सरकली की नळीतून पावडर पुंगळीत पडते. खाच लहानमोठी करायला एक स्क्रू, बस. म्हणजे हे घनफळाचं माप, आमच्या पायलीसारखं. आपल्याला हवं असतं वजन आणि यंत्र देतं आकारमान. पावडर खाचेत दर वेळी सारखी बसली तरच दोन्ही जुळतात.

आजवर माझी पद्धत अशी होती: दहा मापं एका वाटीत टाकायची, एकत्र तोलायची, दहाने भागायचं. सरासरी अगदी बरोबर यायची, ५.०२, ४.९९. मी समाधानी. आज तीस मापं सुटी सुटी तोलली. सरासरी पुन्हा ५.०१. पण सगळ्यात हलकं माप ४.३ आणि सगळ्यात जड ५.६.

दहाची सरासरी स्क्रू कुठे ठेवायचा ते सांगते. मापं एकमेकांपासून किती दूर आहेत ते ती लपवते. चार महिने मी तिच्यावर विसंबून होतो.

१९ नोव्हेंबर २०२२

आज लिहायला हात जड झालाय, पण आजच लिहायला हवं.

क्लबच्या रेंजवर टाइम्ड फायर, वीस सेकंदांत पाच बार. दुसऱ्या बाराला नेहमीचा आवाजच आला नाही. नुसतं ‘फस्’, जसा ओला फटाका. हाताला धक्का नाही, स्लाइड जेमतेम हलली, नळीच्या तोंडाशी पिवळट धुराची एक रेघ. घड्याळ चालू होतं आणि स्लाइड मागे ओढून पुढचा बार घालण्याची हाताला सवय. बोटं स्लाइडवर गेलीही होती. शेजारच्या लेनवरच्या वयस्क गृहस्थांनी एकच शब्द ओरडला: “स्टॉप!” बुलझाय, म्हणजे आमचा हा पिस्तूल नेमबाजीचा खेळ, चाळीस वर्षं खेळणारा माणूस, त्यांना आवाजावरूनच कळलं.

पिस्तूल खाली ठेवलं, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं केलं. नळी सुटी करून त्यांनी उजेडासमोर धरली. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. गोळी नळीत मध्यावर बसली होती. पितळेची सळई आणि लाकडी हातोडी घेऊन त्यांनी ती हळूहळू मागे ठोकून काढली. शिशाची गोळी, तिच्या बुडाला न जळलेल्या पावडरच्या चार-पाच चकत्या चिकटलेल्या. पुढचा बार टाकला असता तर नळी फुगली असती, कदाचित फुटली असती.

मराठीत आपण ‘फुसका बार’ सहज म्हणून जातो. आज तो शब्द नळीत अडकलेला पाहिला.

त्यांनी मला रागावलं नाही. विचारलं एवढंच, “या डब्यातली किती उरली?” त्र्याऐंशी. “एकही झाडायची नाही. सगळी फोडायची. एक फुसका निघाला की त्याची पावडर कुठेतरी गेलेली असते. ती कुठे गेली ते शोध.”

२० नोव्हेंबर २०२२

सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत त्र्याऐंशी काडतुसं फोडली.

भरलेलं काडतूस नुसतं तोलून हलकं-जड ओळखता येत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांत काही ग्रेनचा फरक असतो, २०० ग्रेनच्या शिशाच्या गोळ्यांतही एखादा ग्रेन पुढेमागे. त्या गर्दीत पाच ग्रेन पावडर हरवून जाते. म्हणून आतली पावडर बाहेर काढूनच तोलायची. हातोडीच्या आकाराचा प्लास्टिकचा पुलर असतो, त्यात काडतूस उलटं अडकवून लाकडी ठोकळ्यावर तीन-चार ठोके दिले की गोळी सुटून पुढच्या पोकळीत पडते. गोळी बाजूला, पावडर ताटलीत, आकडा वहीत. त्र्याऐंशी वेळा.

बहुतेक ४.५ ते ५.५ च्या दरम्यान. सदतिसावं ३.३. मॅगझिनमध्ये उरलेली तीन काडतुसं मी वेगळ्या डबीत ठेवली होती. त्यातलं दुसरं तोललं तेव्हा ८.२ आकडा आला. ताटली पुसून पुन्हा ठेवली. ८.२.

म्हणजे काल शोधायला सांगितलेली पावडर सापडली. एका पुंगळीत पडायची ती मापयंत्राच्या नळीत अडकून राहिली आणि पुढच्या पुंगळीत मागचीपुढची मिळून पडली. फुसक्या बारामागोमाग जड बार येतो तो असा. मी घाबरलो तो नळीतल्या गोळीला. खरा धोका या डबीत बसला होता.

पुंगळीत डोकावून पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी दर पाचवी-सहावी पाहत होतो, सगळ्या नाही. आजपासून प्रत्येक.

२६ नोव्हेंबर २०२२

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, मुलगी कॉलेजमधून घरी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, अडकली म्हणजे नक्की काय झालं? दाखवा ना.”

पावडर स्वयंपाकघरात आणायची नाही हा आमच्या घरचा नियम. मग स्वयंपाकघरातलंच सामान घेतलं. एक नरसाळं, बुडाचं भोक करंगळीएवढं. आधी मोहरी ओतली. सरसर वाहून गेली, एक दाणा थांबला नाही. मग तीळ. तीळ चपटे, थोडे सावकाश, पण धार तुटली नाही. मग जाडे पोहे. मूठभर पडले आणि धार थांबली. खालून पाहिलं तर भोकाच्या वर चार-पाच पोहे एकमेकांना टेकून बसलेले, कमानीच्या दगडांसारखे, आणि वरचा सगळा ढीग त्या कमानीवर. मुलीने नरसाळ्याला बोटाने टिचकी मारली. कमान मोडली आणि एकदम दुप्पट पोहे खाली.

तीच टिचकी माझा प्रेस दर फेरीला देतो. कमान कधी त्याच फेरीत मोडते, कधी पुढच्या.

पावडरीही अशाच तीन तऱ्हांच्या. गोल दाण्यांची, म्हणजे बॉल पावडर, ती मोहरी. बारीक चकत्यांची म्हणजे तीळ. मोठ्या चकत्यांची म्हणजे पोहे. मोठ्या चकत्यांची पावडर वाईट नसते, कितीतरी लोक ती वर्षानुवर्षं वापरतात. पण नळी रुंद हवी, आणि माझ्या मापाची नळी अरुंद आहे. कागदावर हे मी वाचलं होतं. पोहे अडकलेले पाहिल्यावर पटलं.

३ डिसेंबर २०२२

पावडर बदलली. आता बुलझाय, बारीक चकत्यांची, शंभर वर्षांहून जुनी, याच खेळाच्या नावाची. माझा आकडा ४.० ग्रेन.

हॉपर रिकामा केला, जुनी पावडर तिच्याच मूळ डब्यात. मगच नवा डबा बेंचवर आणला. एका वेळी बेंचवर एकच पावडर. दोन पावडरी मिसळल्या तर त्या मिश्रणाचं कुठल्याही मॅन्युअलमध्ये काही लिहिलेलं नसतं, ते फेकायचंच. रात्री हॉपरमध्येही काही ठेवायचं नाही. नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर हॉपरचं प्लास्टिक खाते, उजेडाने स्वतः बिघडते, आणि सकाळी आतलं काय आहे ते माणूस आठवणीवर ठरवतो.

हवा कोरडी झालीय, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. हॉपरच्या आतल्या बाजूला चकत्या मुंग्यांसारख्या चिकटून बसल्या. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात तो कागद आतून फिरवला, मापाची खाच आणि नळीही पुसली. चिकटणं जवळजवळ थांबलं.

पहिली पंधरा मापं मोजायचीच नाहीत, परत हॉपरमध्ये. नवी ओतलेली पावडर सैल असते, प्रेसच्या हादऱ्यांनी ती बसते. पहिलं माप ३.८५, पंधरावं ३.९८, त्यानंतर आकडा स्थिर. हॉपर किती भरलाय त्याचाही फरक: पूर्ण भरलेल्यात आणि तळाशी दोन बोटं उरलेल्यात सरासरी ०.०६ चा. म्हणून आत आडवा पत्रा बसवला, दोन छोट्या भोकांचा. वरच्या पावडरचा भार पत्रा पेलतो, खाचेवर पडतो तो पत्र्याखालच्या थराचाच. आणि हॉपर निम्म्याखाली जाऊ द्यायचा नाही.

४ डिसेंबर २०२२

रविवारी बार्शीला फोन. बाबांचं भुसारचं दुकान होतं, आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनं आली, पण खेड्यातून येणारी ज्वारी त्यानंतरही कितीतरी वर्षं पायलीने मोजली जायची, ते त्यांनी पाहिलंय.

विचारलं, “बाबा, पायली तीच, ज्वारी तीच, मग मापाडी बदलला की पोत्यात फरक का पडायचा हो?”

“माप कुठं भरतं रं, हात भरतो,” ते म्हणाले. “उंचावरनं सोडलं की धान्य दाबून बसतं. जवळनं अलगद सोडलं की सैल बसतं. भरताना माप गुडघ्याला टेकवून एक हिसका दिला, की मूठभर जास्त मावलं. चांगला मापाडी कोण? ज्याचा हात सकाळी आणि संध्याकाळी सारखा. आणि बोलत बोलत मोजायचं नाही. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. मध्ये कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.”

माझा पुढचा शनिवार त्यांनी ठरवून टाकला.

१० डिसेंबर २०२२

आज फक्त हात तपासला. पावडर तीच, स्क्रू तिथेच, हॉपर पाऊण. प्रत्येक पद्धतीची तीस मापं, सुटी सुटी तोललेली.

आधी माझी उन्हाळ्यातली रीत, जमेल तसा दांडा मारायचा, कधी जोरात, कधी दमून हळू. ३.८१ ते ४.१७. मग सगळे फटके जोरात. पसारा थोडा कमी, पण सरासरी वर सरकली, कारण हादऱ्याने खाचेत पावडर दाबून बसते. मग सगळे अगदी हलके. सरासरी खाली, आणि दोन मापं चांगलीच हलकी. कारण शोधलं: हलक्या हाताने दांडा शेवटपर्यंत जात नव्हता, पट्टी पूर्ण सरकत नव्हती, खाच अर्धवट रिकामी होत होती.

मग बाबांचा हात. दांडा मध्यम वेगाने खाली, तळाला टेकेपर्यंत. तिथे मनात ‘एक’ म्हणेपर्यंत थांबायचं. नळीतली शेवटची चकती पुंगळीत पडायला तेवढा वेळ हवा. मग त्याच वेगाने वर, आणि वरही ‘एक’. खाच हॉपरखाली आलेली असते, तिला भरायला वेळ हवा. मी आजवर वर थांबतच नव्हतो. खाच भरत असतानाच पुढचा फटका सुरू व्हायचा. तीस मापं: ३.९४ ते ४.०६.

तीन वेळा पुन्हा केलं, खात्री पटेना म्हणून. दर वेळी तेच, एक-दोन शतांश इकडेतिकडे. एक पैशाचं सामान न बदलता पसारा तिसऱ्या हिश्श्यावर आला.

संध्याकाळी अजून एक सापडलं. मापं तोलताना मी प्रेसवर एकच पुंगळी ठेवतो, बाकीची स्टेशनं रिकामी. प्रत्यक्ष भरताना सगळी स्टेशनं भरलेली असतात. एक पुंगळी आकार घेते, एकीत प्रायमर दाबला जातो, एकीवर गोळी बसते. प्रायमर बसवायला दांडा वर नेऊन पुढे ढकलावा लागतो, आणि तो ठोका नेमका खाच भरत असताना बसतो. गुडघ्याचा हिसका तो हाच! सगळ्या स्टेशनांवर पुंगळ्या ठेवून भरली आणि पावडरच्या स्टेशनवरचीच पुंगळी काढून तोलली: सरासरी ०.०७ ने वाढली. म्हणजे स्क्रू लावायचा तो प्रेस पूर्ण चालू असताना, नुसत्या मापावर नाही. बेंचही डुलत होतं. दोन लोखंडी कोन लावून ते भिंतीच्या लाकडाला आवळलं.

११ डिसेंबर २०२२

फोन वर ठेवायचा, बेसमेंटमध्ये आणायचा नाही. आज भरताना फोन वाजला, मी दांडा अर्ध्यावर सोडून बोललो. परत आलो तेव्हा त्या पुंगळीत पावडर पडली होती की नव्हती ते सांगता येईना. चार ग्रेन बुलझाय पुंगळीचा जेमतेम पाव भाग व्यापते, दुप्पट पडली तरी पुंगळी अर्धीच भरते. वरून काही सांडत नाही, यंत्र अडत नाही, काही सांगत नाही. चारही पुंगळ्या काढून रिकाम्या केल्या. यापुढे मधेच थांबावं लागलं तर हाच नियम.

पावडरच्या स्टेशनवर मानेचा छोटा दिवा लावला, उजेड थेट पुंगळीत पडेल असा. गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोळा. पावडरची पातळी आता ओळखीची झालीय, जशी चहाच्या कपाची असते.

१४ जानेवारी २०२३

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, क्लबमधून उसना आणला. दोन डबे, पावडर, गोळी, पुंगळ्यांची कंपनी सगळं सारखं. पहिला डबा मुद्दाम जुन्या हाताने भरलेला, दुसरा नव्या हाताने. प्रत्येकी वीस बार.

जुना हात: सरासरी ७३८ फूट, प्रमाण विचलन १९. नवा हात: सरासरी ७४४, विचलन १०.

शून्य होणार नाही. गोळ्यांच्या वजनात फरक आहे, प्रायमरमध्ये आहे, पुंगळीचं तोंड गोळीला किती घट्ट धरतं त्यात आहे. पावडर आणखी सारखी करून हा दहाचा आकडा फारसा हलेल असं मला वाटत नाही. प्रत्येक बार काट्यावर तोलून भरण्याचा विचार मनात होता, तो सोडला. शंभर काडतुसांना चार तास लागतील आणि माणूस थकला की चुका करतो. सारखा हात, प्रत्येक पुंगळीत डोळा, आणि दर पंचवीस काडतुसांनंतर एक माप तोलायचं, हे पुरे.

उद्या संक्रांत. तीळ भाजायचं काम माझ्याकडे आहे.

१८ फेब्रुवारी २०२३

आज तीनशे भरली, प्रत्येक पंचविसावं माप तोललं. बारा वाचनं: सगळ्यात कमी ३.९६, सगळ्यात जास्त ४.०५. एकदाच हात थांबला, प्रायमर आडवा बसला होता. सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा सुरू.

डब्यांवर तारीख, पावडर, लॉट नंबर. भरलेल्या क्रमानेच ठेवली, म्हणजे काही निघालंच तर शेजारची कुठली ते कळेल.

८ एप्रिल २०२३

बाहेरची रेंज उघडली. सकाळी हवा गार, वारा जवळजवळ नाही. पन्नास यार्ड, स्लो फायर, दहा बार, दहा मिनिटं.

टार्गेट आणायला गेलो तेव्हा ते वयस्क गृहस्थही बरोबर चालत आले. ९१. पाच गोळ्या दहामध्ये, दोन नऊमध्ये, दोन आठमध्ये, एक सातमध्ये. सातची खाली डावीकडे, ती माझ्या बोटाची, सुटतानाच कळली होती. आठच्या दोन्ही डावीकडे, त्याही माझ्याच. त्यांनी खिशातली पट्टी काढून दहातल्या आणि नऊतल्या सात गोळ्यांचा उभा पसारा मोजला: २.२ इंच. ‘‘गुड अॅमो,’’ म्हणाले, आणि लगेच माझ्या ट्रिगरबद्दल बोलू लागले.

१६ एप्रिल २०२३

जुना पाऊंडाचा डबा संपला. चार ग्रेनने एका पाऊंडात साडेसतराशे काडतुसं होतात, त्यातली बरीच मापं हॉपरमध्ये परत गेली तरी हिशेब जुळतो. नवा डबा उघडला, तीच पावडर, लॉट वेगळा. स्क्रूला हात लावला नाही, हॉपर पुसला, पत्रा बसवला, सगळ्या स्टेशनांवर पुंगळ्या ठेवल्या, पहिली पंधरा मापं परत टाकली.

सोळावं ४.१३. सतरावं ४.१४. नव्या लॉटची पावडर किंचित दाट आहे. स्क्रू पाव फेरा मागे घेतला आणि पुन्हा पंधरा मापं परत टाकली. आता ४.०१, ४.००, ४.०२. कॅम्प पेरीच्या डब्यांसाठी पाचशे भरायची आहेत, त्यातली पहिली शंभर आज.